रविवारी वाईन शॉपचं शटर खाली? वाचकांचे प्रश्न आणि एका रिटायर्ड एक्साईजवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलं होतं, की दारूची दुकानं दर रविवारी बंदच ठेवावीत, सुट्टीचा एक वार तरी घरच्यांना मिळू दे. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की संपादकांनी मला फोन लावला, साहेब तुम्ही एक्साईजमध्ये होतात ना, आता तुम्हीच बसा उत्तरं द्यायला. बसलोय. आधीच सांगून टाकतो, मी दारूच्या बाजूचा नाही आणि विरुद्धचाही नाही, महिन्यातून एखादी बियर घेतो आणि ते बायकोला माहीत आहे. नोकरीत सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर ड्राय डे. त्यामुळे रविवारबद्दल जे काही बोलेन ते तिथूनच येणार.

प्रश्न : काका, ते पत्र माझंच. आमच्या बिल्डिंगखाली वाईन शॉप आहे. रविवारी सकाळी मुलाला क्लासला सोडायला निघाले की शटर उघडायच्या आधीच दहाबारा जण उभे. मी लिहिलं रविवारी बंद ठेवा तर सगळे हसले, म्हणे शनिवारी डबल घेऊन ठेवतील. खरंच एवढंच होईल का? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : ताई, हसणारे अर्धे बरोबर आहेत. अर्धेच.

१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी कुठल्याही वाईन शॉपसमोर पाच मिनिटं उभ्या राहा. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती, म्हणजे ड्राय डे. लोखंडी जाळीतल्या त्या चौकोनी खिडकीतून एकावेळी पाच हात आत गेलेले असतात, प्रत्येक हातात घडी केलेली पाचशेची नोट, आणि आतला पोरगा चेहरे बघतच नाही, नोट बघतो आणि ओठ बघतो कारण आवाज काही कळत नसतो. रोजचा क्वार्टरवाला त्या दिवशी हाफ मागतो, हाफवाला खंबा, म्हणजे पूर्ण बाटली. आणि यातली खरी गंमत अशी की ही बेगमी बऱ्याच जणांची दोन तारखेपर्यंत टिकतच नाही, घरात आहे म्हटल्यावर एक तारखेच्या रात्रीच संपते, मग दोन तारखेला हेच लोक गल्लीतल्या 'त्याला' शोधत फिरतात. तो म्हणजे स्कूटरच्या डिकीत दोन डझन क्वार्टर घेऊन बसलेला माणूस, भाव दीडपट. आम्ही पकडायचो, दारूबंदी कायद्याचं कलम पासष्ट ई लावायचो, पंचनामा, मुद्देमाल जप्त, तो जामिनावर बाहेर, आणि पुढच्या ड्राय डेला परत तोच, मला बघून हात जोडून हसायचा. एकदा तर त्याने मलाच विचारलं, साहेब आषाढीला ड्यूटी कुणाची आहे?

आता तुमचा अर्धा भाग. ठरवून पिणारा माणूस साठा करतो, त्याला तुम्ही कुठल्याही वारी अडवू शकत नाही. पण समोर दिसलं म्हणून घेणारा, दुपारी मॅच बघता बघता संपली म्हणून परत खाली उतरणारा, हा दुकान बंद दिसलं की घरी परत जातो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने १९९५ मध्ये रविवारी बाटली विकायला परवानगी दिली, त्यानंतर तिथल्या अपघातांचा अभ्यास झाला तेव्हा रविवारचे दारूशी संबंधित अपघात २९ टक्क्यांनी वाढलेले निघाले. हा आकडा घेऊन लगेच कुणी मोर्चा काढू नका, कारण बाकीच्या राज्यांत रविवारची विक्री सुरू झाली तिथे असा परिणाम सापडला नाही. पण 'काहीच फरक पडत नाही' असं छातीठोक म्हणणाऱ्यांना तो दाखवायला हरकत नाही.

आपल्या देशातही रविवारचा प्रयोग झालाय बरं का. केरळमध्ये २०१४ साली ओमन चंडींच्या सरकारने सगळे रविवार ड्राय करून टाकले होते, आणि काही महिन्यांतच तो निर्णय गुंडाळावा लागला. मात्र महिन्याची एक तारीख तिथे ड्राय डे म्हणून राहिली. एक तारीख म्हणजे पगाराचा दिवस. मला हे जास्त पटतं कारण तिथे निदान पैसा खिशात कधी येतो याचा विचार आहे. आपल्याकडे रविवार धरलात तर तो ऑफिसवाल्यांचा रविवार झाला. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, बांधकामावरच्या मिस्त्री-बिगाऱ्यांचा हिशोब आठवड्याचा आणि तोही बऱ्याच ठिकाणी बाजाराच्या दिवशी, मग कुठला वार बंद करणार? तुमच्या रविवारी त्यांच्या बायकांना काही मिळत नाही.

आणि ताई एक विचारू का, राग मानू नका. तुमचा त्रास रविवारचा आहे की खालच्या दुकानाचा? मला तर पत्र वाचून वाटलं की हेच शॉप दोन चौक पलीकडे असतं तर तुम्ही पत्र लिहिलंच नसतं. तसं असेल तर वाराच्या मागे लागू नका, जागेच्या मागे लागा. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या गाळ्यात नवीन वाईन शॉप किंवा बियर शॉपी टाकायची तर त्या सोसायटीची एनओसी लागणार. तुमचं दुकान जुनं असेल तर त्याला हे लागू व्हायचं नाही, पण शेजारच्या गाळ्यात दुसरं येऊ घातलं तर लागू होईल, त्यामुळे जनरल बॉडीची मीटिंग टाळत जाऊ नका, तिथे सह्या होतात आणि न आलेल्यांना नंतर कळतं.

प्रश्न : साहेब, मी बारा वर्षं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसला आहे. इथे २०१७ पर्यंत रविवारी लिकर स्टोअर बंद असायची. मला वाटायचं चर्चवाले अडवत असतील, पण इथले जुने लोक म्हणतात की दुकानदारच उघडू देत नव्हते. धंदा करणारा माणूस धंद्याचा दिवस का नाकारेल? (आयटीवाला, मूळचा सांगलीचा)

उत्तर : सांगलीचा माणूस असून हा प्रश्न पडला म्हणजे कमाल आहे, द्राक्ष-बेदाण्याचा व्यापार घरात नसणार तुमच्या.

गणित सोपं आहे. शहरातली सगळी दुकानं रविवारी बंद असतील तर गिऱ्हाईक शनिवारी येतं, गल्ला तेवढाच आणि सहा दिवसांच्या खर्चात. एकाने रविवारी उघडलं की बाकीच्यांना उघडावंच लागतं नाहीतर गिऱ्हाईक तिकडे जातं, म्हणजे लाईट, पगार, सगळं सात दिवसांचं आणि गल्ला मात्र जवळपास सहाच दिवसांचा. म्हणून मिनेसोटात छोटे दुकानदार आणि त्यांची संघटना वर्षानुवर्षं सेंट पॉलच्या विधिमंडळात उभी राहून सांगत होती की बाबांनो रविवार बंदच राहू द्या. कायदा १८५८ सालचा, म्हणजे मिनेसोटा राज्य झालं त्याच वर्षीचा, आणला असेल धर्माच्या नावाने, पण शेवटी शेवटी त्याला टेकू दिला होता तो गल्ल्याने. लोक काय करायचे हे तुम्हाला माहीतच असेल, रविवारी गाडी काढायची, सेंट क्रॉय नदी ओलांडायची आणि विस्कॉन्सिनमधल्या हडसनला जाऊन बियर भरून आणायची. सावंतवाडीचा माणूस गोव्यात जातो तसंच, फक्त इन्सुलीचा चेकनाका नाही.

मार्च २०१७ मध्ये गव्हर्नर मार्क डेटन यांनी सही केली आणि २ जुलैला पहिला उघडा रविवार आला, सकाळी ११ ते संध्याकाळी ६. त्यातही शहरांना मुभा आहे की नको असेल तर तुम्ही बंद ठेवा. आणि ज्याने मला सगळ्यात जास्त हसू आलं ते म्हणजे मोटारी विकणारे शोरूम तिथे अजूनही रविवारी बंद असतात. व्हिस्की मिळते, टोयोटा मिळत नाही.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी इकडे सांगितली तर लोक मला वेड्यात काढतात, नगरपालिकेची स्वतःची दारूची दुकानं. म्हणजे एडायनासारख्या श्रीमंत गावात नगरपालिका दुकान चालवते आणि नफा बागा-मैदानांना जातो. आपल्याकडच्या एखाद्या नगरसेवकाने असा ठराव आणला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर काय काय फेकलं जाईल विचार करा.

अमेरिकेतल्याच इंडियाना राज्याचं प्रकरण तर याहून भारी. तिथे थंड बियर विकायचा हक्क फक्त लिकर स्टोअरला, किराणा दुकानांनी बियर विकायची ती कोमट. किराणावाल्यांना रविवारही हवा होता आणि फ्रिजही. शेवटी २०१७ च्या अखेरीला दोन्ही संघटना एकत्र बसल्या आणि सौदा झाला, रविवार घ्या पण थंड बियरचं नाव काढू नका. मार्च २०१८ पासून रविवारी विक्री चालू, दुपारी १२ ते रात्री ८. यात पिणाऱ्यांचं कल्याण, न पिणाऱ्यांचं कल्याण, देवाधर्माचा मान, काय म्हणून सांगायचं? दोन दुकानदारांनी वाटणी केली. म्हणून दारूचा नियम कुठलाही असो, मी आधी बघतो की तो टिकवायला कोण धडपडतंय. निम्म्या वेळा ज्याची अपेक्षाच नाही असा माणूस सापडतो.

मात्र त्या छोट्या दुकानदाराचं एक म्हणणं मला मनापासून पटतं, की मला आठवड्यातून एक दिवस घरी बसू द्या. आपल्याकडे हे बोललंच जात नाही. काउंटरवरचा जो पोरगा मी वर सांगितला तो सकाळी दहापासून रात्री साडेदहापर्यंत उभा असतो, त्याची साप्ताहिक सुट्टी कायद्याने आहे पण छोट्या दुकानात दोनच पोरं असली की ती कशी मिळते ते सगळ्यांना माहीत आहे. रविवारची सुट्टी आपल्याकडे कुणी आणली? नारायण मेघाजी लोखंडे. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती, लोखंड्यांनी वर्षानुवर्षं भांडून १० जून १८९० ला ती मिळवली आणि त्यांचा एक युक्तिवाद असा होता की रविवार हा आमच्या खंडोबाचा वार. हे मी मुद्दाम सांगतोय कारण मागच्या अंकावर एकाने लिहिलं होतं की रविवार हे इंग्रजांचं खूळ आहे, आपल्याला काय त्याचं. जेजुरीला जाऊन सांगा म्हणावं. तर, कुणी मला म्हणालं की काउंटरवरच्या पोरासाठी रविवारी शटर खाली ठेवा, तर मी लगेच सही करेन. दारू कमी होईल म्हणून ठेवा म्हणालात तर नाही करणार.

प्रश्न : आम्ही नाशिककडचे, वाईनच्या द्राक्षांचा करार करणारे शेतकरी. सुपरमार्केटात वाईन येणार येणार म्हणून २०२२ पासून ऐकतोय. अडलंय कुठे? (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

उत्तर : २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला होता. १०० चौरस मीटरपेक्षा मोठं सुपरमार्केट, त्यात एक बंद कपाट, वर्षाची फी ५,००० रुपये, शाळा-देवळाजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यात नाही. कागदावर नीट होतं. मग 'मद्यराष्ट्र' हा शब्द निघाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती-सूचना मागवल्या, जूनमध्ये सरकारच गेलं आणि फाईल तिथेच बसली. दादा, तुमच्या नावाने ती आणली गेली होती एवढं खरं, पण नाशिकच्या द्राक्षांतला खाण्याचा माल किती आणि वाईनचा किती हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर, डाळ-तांदळाच्या रॅकशेजारी बाटली ठेवायला माझा विरोध आहे, वाईन असली तरी. वाईन शॉपला जाळी असते, तिथे माणूस ठरवून जातो. ट्रॉली ढकलत ढकलत घेतली जाते ती वस्तू वेगळी. यावर मला शिव्या घालणारी पत्रं येतील, येऊ देत.

प्रश्न : रविवार कशाला, सातही दिवस बंद करा ना! आमच्या चंद्रपूरला केली होती की बंदी. (शिक्षक, वरोरा)

उत्तर : गुरुजी, केली होती आणि उठलीही. १ एप्रिल २०१५ ते मे २०२१. वर्धा सत्तरच्या दशकापासून बंद आहे, गडचिरोली १९९३ पासून, आणि गडचिरोलीची बंदी लोकांनी चळवळ करून आणली, बायका गावोगाव उभ्या राहिल्या, त्यामागे अभय आणि राणी बंग यांच्यासारखी माणसं होती. त्या बंदीला मी कमी लेखत नाही. गावाने स्वतः धरलेली बंदी आणि मुंबईहून आलेला जीआर यात फार अंतर असतं, आणि चंद्रपूरला एका बाजूला यवतमाळ, एका बाजूला नागपूर, खाली तेलंगणा, तिकडे सगळीकडे उघडं. नाकाबंदी करून करून किती करणार. दुधाच्या कॅनमधून, भाजीच्या क्रेटखालून, एका बहाद्दराने तर ॲम्ब्युलन्समधून आणलेली मी स्वतः पाहिली आहे, आत पेशंट म्हणून त्याचाच मेहुणा झोपलेला, आणि बिचारा खरंच घामाघूम झाला होता त्यामुळे दोन मिनिटं आमचाही विश्वास बसला.

बंदीपेक्षा मला भीती हातभट्टीची वाटते. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून जास्त माणसं गेली आणि तिथे बंदी नव्हतीच, फक्त स्वस्त हवी होती. म्हणून एका वाचकाने विचारलंय की 'नुसती महाग करा, आपोआप पिणं कमी होईल', त्यांनाही हेच उत्तर. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्याची ड्युटी चांगलीच वाढवली, १८० मिलीची साधी विदेशी क्वार्टर कमीत कमी २०५ रुपये आणि देशी ८० रुपये झाली. महाग केल्याने पिणं कमी होतं हे मी मान्य करतो, वार बंद करण्यापेक्षा ते नक्की जास्त चालतं. पण ८० रुपयेही ज्याच्याकडे नाहीत तो कुठे जातो, ते बघायला एक्साईजचा माणूस त्याच्या मागे गेला पाहिजे ना, नुसता दर वाढवून कसं चालेल.

प्रश्न : वाईन शॉपमधून बाटली घ्यायला खरंच परमिट लागतं का? कधी कुणी विचारलं नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लागतं. रविवारीही लागतं, सोमवारीही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे हो, या राज्यात पिणं हा परवान्याचा विषय आहे. एक दिवसाचं परमिट विदेशीला ५ रुपये, देशीला २ रुपये, वर्षाचं १००, आयुष्यभराचं १,०००. तुम्हाला विचारत नाहीत कारण काही दुकानदार पावती पुस्तकात स्वतःच नावं भरून टाकतात. तपासणीत एका पुस्तकावर मला सलग चाळीस परमिटं एकाच हस्ताक्षरात सापडली, आणि सगळी आडनावं आलटून पालटून पाटील, शिंदे, जाधव. वर्षाचं काढून पाकिटात ठेवा, भांडणाचं कारण नको.

प्रश्न : आमच्या गावात देशीचं दुकान आहे. बचत गटातल्या आम्ही बायका आडवी बाटली करायचं, म्हणजे मतदान घेऊन ते बंद पाडायचं म्हणतोय. सरपंच म्हणतात मतदान घेऊन काही होत नसतं. करायचं कसं आणि खरंच होतं का? (बचत गट अध्यक्षा, माण तालुका, जि. सातारा)

उत्तर : ताई, होतं. माझ्यासमोर झालंय. आणि या सगळ्या पत्रांमध्ये मला सगळ्यात कामाचं पत्र तुमचं वाटलं.

२००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सहीचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, आणि इथेच अर्धी निवेदनं पडतात. सही अंगठ्याची असते, नाव यादीत वेगळं असतं, माहेरचं आडनाव घातलेलं असतं, एकीने दोघींची केलेली असते. त्यामुळे मतदार यादी हातात घेऊनच घरोघरी जा, यादीतला नंबर सहीपुढे लिहा, आणि २५ टक्क्यांवर थांबू नका, ४० पर्यंत न्या म्हणजे काही बाद झाल्या तरी चालतं. पडताळणीच्या दिवशी बायकांना शेतातून आणायची जबाबदारी कुणाची ते आधीच वाटून घ्या. मग गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

आता खरी मेख. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे १,००० बायका यादीत असतील आणि ६०० आल्या आणि त्यातल्या ४८० जणींनी आडवीवर शिक्का मारला तरी तुम्ही हरलात. घरी बसलेली प्रत्येक बाई, पुण्या-मुंबईला नांदायला गेलेली पण यादीत राहिलेली प्रत्येक बाई, ही उभ्या बाटलीचं मत. दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. तो कुणाला धमकी देत नाही, तो फक्त मतदानाच्या दिवशी कुणाच्या तरी शेतात खुरपणीला दुप्पट रोज काढायची व्यवस्था करतो. मी बघितलेल्या एका गावात सकाळी अकरापर्यंत केंद्रावर चिटपाखरू नव्हतं, सगळ्या जणी कांद्याच्या रानात. मग तिथल्या एका आजीने काय केलं तर ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन ती स्वतः रानात गेली, ऐंशीच्या आसपास वय असेल, आणि बांधावर उभी राहून एकेकीचं नाव घेऊन हाका मारायला लागली. नाव, नवऱ्याचं नाव, आणि तो नवरा कुठल्या रात्री कुठल्या गटारात सापडला होता ते. सगळं रान ऐकतंय. दुपारी दोनपर्यंत चार ट्रॉल्या आल्या. मोजणी झाली तेव्हा वरती जेमतेम अकरा मतं होती, पण होती.

त्या दुकानाला सील लावायला मीच गेलो होतो. मालक वाईट माणूस नव्हता, त्याने चहा पाजला. दुकान गेलं म्हणून गावातलं पिणं संपलं का? नाही, चार किलोमीटरवर दुसऱ्या गावात दुकान होतंच. पण चार किलोमीटर चालत जाऊन पिऊन चालत परत यायचं म्हणजे रोजच्याला रोज जमत नाही, आणि शाळेच्या रस्त्यावरून पोरी सायकलने जायला लागल्या हे मी नंतर दोन वेळा तिकडून जाताना पाहिलं. जोतिराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र दिलं होतं, त्यांचाही रोख दुकानांच्या वाढीवरच होता, ती कुठे आणि किती. तुमच्या सरपंचांना एवढंच विचारा की मतदानाने काही होत नसेल तर मग ते स्वतः खुर्चीवर कसे आले.

प्रश्न : दारू दुकानं बंद असली तर ऑनलाईन घरपोच का नको? आता तर दुकानं २४ तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली म्हणे. (वाचक, हिंजवडी)

उत्तर : मिळाली, पण दारू विकणारी सोडून. ऑक्टोबर २०२५ च्या जीआरमध्ये ते स्पष्ट आहे, नीट वाचा. घरपोच २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चालू केलं होतं कारण ४ मे ला दुकानं उघडली आणि रांगा बघून पोलिसांनाच घाम फुटला, मुंबईत तर दुसऱ्याच दिवशी परत बंद करावी लागली. ती वेळ वेगळी होती. एरवी दाराची बेल वाजल्यावर घेणाऱ्याचं वय कोण बघणार, डिलिव्हरीचा पोरगा? त्याला तिसऱ्या मजल्यावरून उतरून पुढची ऑर्डर पकडायची असते.

प्रश्न : काका एक शंका. ३१ डिसेंबर रविवारी आला आणि रविवार बंदचा कायदा असला तर? (कॉलेजकुमार, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : शेवटचं पत्र बरोबर निवडलंय संपादकांनी. अरे बाबा, ३१ डिसेंबरला सरकारचं मन फार मोठं होतं. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला दरवर्षी खास आदेश निघतो, वाईन शॉप रात्री एकपर्यंत आणि परमिट रूम पहाटे पाचपर्यंत. जे सरकार २ ऑक्टोबरला गांधीजींसाठी शटर पाडतं तेच तीन महिन्यांनी पहाटे पाचपर्यंत उघडं ठेवतं, आणि दोन्ही दिवशी ड्यूटीला आम्हीच. २०२३ चा ३१ डिसेंबर रविवारीच आला होता, कुणाला वार आठवतो का बघ. आता पुढचा रविवारचा ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. तोवर कायदा काय होतो ते होऊ दे, तू तुझं वय मोज. वाईन-बियरला २१ पूर्ण लागतात, बाकीच्याला २५, आणि कॉलेजचं आयकार्ड जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालत नाही.